गोद, ओटी आणि जांभळा डगला

नगरहून नांदूरघाट किती लांब, असे शाळेतले सोबती मला अजून विचारतात. जाताना चार दिवस लागले आणि येताना तीन, एवढे सांगून मी सुटका करून घेतो. खरे म्हणजे त्या बाजूला आमच्याकडचे फारसे कोणी जात नाही. निजाम सरकारची हद्द म्हटली की आमच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे वाटमारे आणि उर्दू कागद एवढेच उभे राहते. मी गेलो, राहिलो, पोटभर जेवलो आणि एक माणूस जास्त घेऊन परत आलो. वाटमारा एकही भेटला नाही.

जाण्याचे कारण आधीच सांगून टाकतो. आमचा वासू साडेतीन वर्षांचा होऊन तापाने गेला. त्यानंतर दीड वर्षाने माझ्या बायकोच्या, राधेच्या, मावसभावाचे नांदूरघाटहून पत्र आले. भाऊरावाने लिहिले होते, "आम्हाला देवाने चार मुलगे दिले आहेत. तिसरा रंगा चार वर्षांचा आहे. तो तुमचा समजा आणि येऊन घेऊन जा." राधेने पत्र दोनदा वाचले आणि देव्हाऱ्यात ठेवले. आठ दिवस ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. मग एका सकाळी भाजी निवडताना म्हणाली, "मार्गशीर्षात रस्ते कोरडे असतात ना?"

मी मुलांना मराठी आणि संस्कृत शिकवतो आणि मला शब्द गोळा करण्याची खोड आहे. दुसऱ्याचे मूल आपले करणे याला कोण काय म्हणतो, हे टिपून घ्यायला मी मुद्दाम नवी वही शिवून घेतली. त्या मुलखात मराठी, उर्दू, कानडी सगळेच बोलणारे भेटणार, म्हटले आयती संधी आहे. राधेने वही पाहिली.

"मुलाच्या आधी वही घेतलीत होय?" ती म्हणाली.

ट्रंक मात्र मी भरली. तिला हातही लावू दिला नाही.

नाका

जामखेडहून आम्ही गफूरभाईंची छकडा गाडी केली. गफूरभाई साठीचे, बोलायला एकदम मोकळे, आणि बैलांशी माणसांपेक्षा अदबीने वागणारे. हद्द ओलांडली की निजाम सरकारचा जकातीचा नाका लागतो. त्या खात्याला करोडगिरी म्हणतात. नाव ऐकून मला मोठे कचेरीचे प्रकरण वाटले होते. प्रत्यक्षात लिंबाखाली एक खोली, एक शिपाई आणि मेंदी लावलेल्या दाढीचे एक मुनशी. आमच्याकडे नाक्यावरचा माणूस आधी खेकसतो आणि मग विचारतो. या मुनशींनी आधी पाणी दिले.

"पेटी में क्या क्या है, मास्तरसाब?"

"कपडे, पंचांग, थोडे पेढे," मी म्हणालो.

त्यांनी ट्रंक उघडली. राधेची लुगडी, माझी धोतरे, मेतकुटाची बरणी, सगळे हलक्या हाताने बाजूला केले. तळाशी एका उपरण्यात गुंडाळलेली वस्तू होती. ती त्यांनी सोडली आणि जांभळा मखमली डगला बाहेर आला. सोबत जरीची टोपी. डगल्याच्या उजव्या कोपराशी राधेने घातलेले रफूचे टाके होते.

मुनशींनी डगला हातात धरून गाडीत वाकून पाहिले. "बच्चा किधर है?"

गफूरभाई बैलाचे जू नीट करू लागले. वासूचे सगळे कपडे मी आत्याच्या नातवाला देऊन टाकले, असे मी राधेला दीड वर्षापूर्वी सांगितले होते. ती डगल्याकडे पाहत होती आणि मी जमिनीकडे.

"बच्चा लाने को जा रहे हैं," शेवटी मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत म्हणालो.

"अच्छा, गोद लेने को!" मुनशींचा चेहरा खुलला. त्यांनी डगला स्वतः घडी केला, माझ्यापेक्षा कितीतरी नीट, आणि तळाशी न ठेवता सगळ्यात वर ठेवला. "दो जने जा रैं, आते बखत तीन. मैं याद रखतूँ."

गोद म्हणजे मांडी. आपणही मांडीवर घेणे म्हणतोच. मी वहीत पहिला शब्द लिहिला, पण अक्षर फार वाईट आले. गाडी कोसभर गेल्यावर राधेने विचारले, "टोपीही आणलीत?"

"हो."

"बरं," ती म्हणाली.

माझा बेत असा होता. दत्तकविधीत घेणाऱ्याने मुलाला वस्त्र घालायचे असते आणि नवे नावही द्यायचे असते. तेव्हा वस्त्र वासूचे घालावे आणि नावही वासुदेवच ठेवावे. राधेला बरे वाटेल म्हणून हे सगळे, असे मी स्वतःला सांगत होतो. तिला एका शब्दाने विचारले मात्र नव्हते.

पाटोद्याच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी डाव्या चाकाची लोखंडी धाव निसटली. गफूरभाईंनी बैल सोडले, चाकाला दोन शेलक्या शिव्या दिल्या आणि आम्हाला म्हणाले, "बाईसाहेब, तितं धनगराचा वाडा हाय, सावलीला बसा. मास्तर, तुमी बी जावा. हितं तुमचा काई उपेग न्हाई."

वाडा म्हणजे माळावर वाघूर नावाची जाळी लावून केलेले मेंढरांचे कुंपण. धोंडिबा नावाचा म्हातारा धनगर तिथे एकटाच होता. त्याने आम्हाला बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा आणि वाटीत मेंढीचे दूध दिले. दूध इतके दाट होते की मी घाबरत घाबरत प्यालो. आमच्याकडे पाहुण्याला जेवता का म्हणून विचारतात. तिकडे विचारत नाहीत, भाकरी हातावरच ठेवतात.

त्या सकाळी एका मेंढीचे कोकरू मेले होते. दुसरीकडे आई मेलेले एक कोकरू भुकेने ओरडत होते. धोंडिबाने मेलेल्या कोकराचे कातडे सोलून ठेवले होते. आमच्यादेखत त्याने ते कातडे त्या पोरक्या कोकराच्या अंगावर चढवले, त्याचे चारही पाय कातड्याच्या भोकांतून काढले, आणि त्याला मेंढीपुढे सोडले. मेंढीने आधी एक लाथ दिली. मग हुंगले. पाठ हुंगली, शेपटी हुंगली, आणि पाय फाकवून उभी राहिली. कोकरू ढुशा देत पिऊ लागले.

मी वही काढली. "याला तुमच्यात काय म्हणतात?"

"काय म्हनायचं? कोकरू लावलं म्हनायचं." म्हाताऱ्याला माझ्या वहीचे हसू आले.

राधेने विचारले, "बाबा, हे कातडं काढता कधी?"

"दोन-तीन दिसांनी काडायचंच, बाई. तवर तिचं दूद त्याच्या पोटात जातंय, तिचाच वास त्याच्या अंगाला येतोय. मंग कातड्याचं काय काम? ठिवलं तर कुजतंय. मंग मेंढी जवळ बी येऊ देत न्हाई." त्याने हात मातीला पुसले. "आन् एखादी मेंढी लई मायाळू आसती. ती कातड्याबिगर बी घेती."

राधेने मेंढीकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. मी चाक कुठवर आले ते बघायला उठलो.

कपिलधार

मांजरसुंब्याच्या डोंगरात वाट खाली उतरते आणि एकदम गारवा लागतो. कपिलधारेचे पाणी त्या दिवसांत बारीक झाले होते, पण कड्यावरून पडताना वाऱ्याने उडून सगळ्यांना भिजवत होते. दूरदूरचे लिंगायत यात्रेकरू तिथे उतरले होते. मी अंघोळीला गेलो. परत येतो तो राधा एका थोराड कानडी बाईजवळ बसून हातावरची गव्हाची खीर खात होती. ती खीर तिकडे हुग्गी म्हणतात. बाई बीदरकडची होती. तिच्यापुढे दहाबारा वर्षांची मुलगी बसली होती आणि बाई तिची वेणी घालत होती.

राधा उठून माझ्याकडे आली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा सैल दिसला.

"घ्या, वहीत लिहा. ही मुलगी तिच्या जावेची. ती म्हणते, 'उड्याग हाक्कोंडे.' म्हणजे ओटीत घालून घेतली."

"ओटीत?"

"अहो, खरोखरच ओटीत. तिने असा पदर पसरला," आणि राधेने तिथेच, धारेच्या तुषारांत, दोन्ही हातांनी पदर पुढे धरला, "आणि जावेने नारळ, तांदूळ आणि ही मुलगी, तिन्ही त्यात घातले. त्याआधी सासूने तिच्या पदराची गाठ सोडायला लावली. गाठीत किल्ल्या होत्या. सासू म्हणाली, आधी त्या खाली ठेव, पोरीला टोचतील."

मी लिहीत होतो. राधेचा पदर तसाच पुढे होता आणि त्यावर पाण्याचे थेंब जमत होते.

"माझ्या पदराला गाठ नाही हो," ती म्हणाली. "मी केव्हाच सोडली. तुमची गाठ अजून त्या ट्रंकेत आहे."

ती परत त्या बाईजवळ जाऊन बसली आणि मी ओली झालेली वही मिटली.

नांदूरघाट

भाऊरावाचे घर गावाच्या टोकाला, अंगणात कडब्याच्या पेंढ्या आणि चार पोरांचा गोंधळ. त्याच्या बायकोने, गंगूबाईने, राधेला दारातच मिठी मारली. दोघी रडल्या, मग दोघी हसल्या, मग पाणी तापवायला गेल्या. जेवायला येसराची आमटी होती. भाजलेल्या मसाल्याची ही तिखट आमटी नगरला कोणाला माहीत नाही. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि भाऊराव म्हणाला, "दाजी, आमच्याकडं पावन्याला असंच रडवत्यात." पुढे मी चार वाट्या प्यालो.

रंगा दाराआडून मला निरखत होता. गालात गुळाचा खडा, एक डोळा दारामागे.

"तुमी डोळ्याला काचा कावून लावल्यात?" त्याने विचारले.

"लांबचं दिसत नाही म्हणून."

तो विचारात पडला. मग पुढे आला, माझा चष्मा काढून स्वतःच्या नाकावर ठेवला आणि म्हणाला, "मला बी न्हाई दिसत." तो हसला, आणि मला एकदम भीती वाटली. तो वासूसारखा हसला नाही. अगदी निराळा हसला.

दुसऱ्या सकाळी विधी होता. आदल्या संध्याकाळी, राधा पाहत असतानाही, मी ट्रंक उघडून डगला काढला. मला थांबता आले नाही. रंगाला समोर उभे केले आणि त्याचे हात बाह्यांत घातले. बाह्या मनगटाच्या वर राहिल्या, पाठ ताणली गेली. मी तरी बटणे लावत होतो. पोरगे हात पसरून बुजगावण्यासारखे उभे राहिले.

"लई आवळतंय," तो म्हणाला. "काडा."

मी काढू लागलो तर वरचे बटण निघेना. रंगा रडकुंडीला आला. शेवटी गंगूबाई चुलीपासून उठून आली, एका हाताने बटण सोडवले आणि डगला उतरवला. तिने तो उलटासुलटा पाहिला. कोपरावरच्या रफूवरून अंगठा फिरवला. ती काय समजायचे ते समजली.

"आक्का," ती राधेला म्हणाली, माझ्याशी ती थेट बोलत नसे, "दाजींस्नी म्हनावं, ह्यो डगला मला द्या. माजा धाकला आत्ता वर्साचा हाय, त्याला व्हईल दोन-तीन वर्सांनी. तुमी माजं नेताय. तुमचं बी कायतरी माज्यापाशी ऱ्हाऊ द्या."

राधेने माझ्याकडे पाहिले. द्यायचे ते मीच द्यायला हवे होते. मी गंगूबाईच्या हातून डगला घेतला, ट्रंकेतली टोपी काढून त्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. तिने पदर पुढे केला. वासू गेल्यापासून मी रडलो नव्हतो. राधा रडत असताना मी शाळेच्या वह्या तपासत बसत होतो. त्या संध्याकाळी मात्र भाऊरावाच्या ओसरीवर, पोरांच्या देखत, मी हुंदके देऊन रडलो. कोणी मला गप्प केले नाही. राधा शेजारी येऊन बसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. घराचा धीर मीच धरला आहे असे मला दीड वर्ष वाटत होते!

सकाळी भटजींनी होम केला. भाऊरावाने मुलाचा हात धरून "दिला" म्हणायचे होते. गंगूबाईने मागून त्याच्या कोपराला ढोसले तेव्हा तो म्हणाला. मी "घेतला" म्हणालो. रंगाला मांडीवर बसवले. राधेने बीडच्या बाजारातून मागवलेला साधा पांढरा सदरा त्याच्या अंगात घातला. हे तिने मला न सांगता आधीच पत्र धाडून ठरवले होते. मग भटजी म्हणाले, "आता मुलाचं मस्तक हुंगा."

हे शास्त्रात आहे आणि मी वर्गात शिकवलेलेही आहे. पण त्या क्षणी मला फक्त ती मेंढी आठवली. वासूच्या डोक्याला खोबरेलाचा वास असे. मी वाकलो. रंगाच्या डोक्याला करडईच्या तेलाचा आणि चुलीच्या धुराचा वास होता. ओळखीचे त्यात काहीच नव्हते. मी पुन्हा हुंगले. रंगा खिदळला आणि म्हणाला, "गुदगुल्या व्हत्यात."

"मुलाचं नाव काय ठेवायचं?" भटजींनी विचारले.

नगरपासून जिभेवर असलेले नाव पुढे येईना आणि मागेही जाईना. गंगूबाई माजघराच्या दारातून ऐकत होती. भटजींना दुसरीकडे जायचे होते. "बरं, घरी गेल्यावर ठेवा," म्हणून ते उठले.

परत

निघताना गंगूबाई गाडीशी आली. रडली नाही, सूचना देत राहिली. "आक्का, दुदात गूळ घाला, साकर घातली तर पीत न्हाई. आन् निजताना त्याला कुनाचा तरी कान धराया लागतोय. न्हाईतर झोप येत न्हाई त्याला." मग तिने रंगाच्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली आणि मागे वळून न बघता घरात गेली. भाऊराव वेशीपर्यंत गाडीबरोबर चालत आला. वेशीबाहेर रंगाने एकदा "आये" म्हणून मोठ्याने भोकाड पसरले. राधेने त्याला गप्प केले नाही, घट्ट धरून ठेवले. रडून थकल्यावर त्याने हात वर करून चाचपला आणि जो कान हाताला लागला तो धरला. तो माझा होता. तीन कोस मी मान वाकडी करून बसलो.

वाटेत मी गफूरभाईंना विचारले, तुमच्यात याला काय म्हणतात?

"लेपालक म्हनतेत, मास्तर. घेटलेलं अन् पाळलेलं. माज्या चुलत्यानं एक पाळलाता. खाऊ घालायचं, शिकवायचं, लगीन लावायचं, सगळं करायचं. पर नाव त्याच्या बापाचंच ऱ्हातं. आमी लेकरू घेतो, त्याचं नाव काडून घेत न्हाई."

मी वही काढली नाही. कान अडकलेला होता.

नाक्यावर मुनशी लिंबाखालीच होते. गाडीत वाकून पाहिले आणि तीन बोटे वर केली. "मैं बोल्या था ना!" ट्रंक उघडून त्यांनी वरचे उपरणे उचलले. "अरे, वो जामनी कोट?"

"वहीं छोड़ आये," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुढे काही विचारले नाही. आतून एक सीताफळ आणले, त्या साली बहुधा शेवटचेच. राधेने पदर पुढे केला आणि त्यांनी ते त्यात ठेवले. मग वही उघडून टाक शाईत बुडवला. हद्दीबाहेर जाणाऱ्यांची नावे लिहायची असतात.

"बच्चे का नाम?"

गफूरभाई बैलाच्या जुवाकडे पाहू लागले. राधा सीताफळाकडे पाहत राहिली. नाव मी ठेवायचे होते आणि ती एक अक्षर सुचवणार नव्हती. रंगा तिच्या मांडीवर झोपला होता. त्याचा हात माझ्या कानाला होता आणि त्याच्या डोक्याचा वास मला तिथपर्यंत येत होता. करडईचा, धुराचा, आणि आता थोडा राधेच्या पदराचाही.

"रंगनाथ," मी म्हणालो.

मुनशींचा टाक थांबला. मी बोललो की नुसता खाकरलो, हे त्यांना बहुधा कळले नसावे. तेव्हा राधेने डोळे पुसले आणि वाकून त्यांच्या वहीवर बोट ठेवले.

"बराबर लिखो, भाई," ती म्हणाली. "रंगनाथच."